मिरजेचा तानपुरा, मशीन की फोन? गाणं आणि पीयू सायन्स एकत्र करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणारी आणि त्याच वर्षी पीयू (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला असलेली मुलं-मुली भरपूर आहेत. मध्यमा झाली, विशारद समोर दिसायला लागलं की घरात विषय निघतोच: सुरासाठी आता काय घ्यायचं? मिरजेचा खरा तानपुरा, इलेक्ट्रॉनिक मशीन, की फोनवरचं अ‍ॅप? दुकानदार किंमत आणि आवाज एवढंच सांगतात. इथे तिन्हींना आणखी एक कसोटी लावली आहे. गाण्याबरोबर भौतिकशास्त्र आणि गणित शिकणाऱ्याला यातून काय मोजता येतं, काय करून बघता येतं?

निकाल आधीच सांगतो. नुसत्या रियाझाला मशीन पुरतं. ज्याला स्वर समजून घ्यायचा आहे, त्याने जुना का होईना, खरा तानपुरा घ्यावा. फोन मोजायला वापरावा, वाजवायला नाही.

मिरजेचा तानपुरा

बेळगावहून मिरज रेल्वेने तीनेक तासांवर आहे. सतार-तानपुऱ्याचं काम तिथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर भागातला, दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची फळी) तूनच्या लाकडाची. सतारमेकराकडे गेल्यावर पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे तुमचा सा कुठल्या सुरावर आहे याचा येतो, आणि बहुतेक पालक तिथेच चुकतात. ‘मोठा घेऊन ठेवू, घरात सगळ्यांना चालेल’ असं म्हणून पुरुषी तानपुरा घेतात आणि त्यावर मुलीची काळी पाच (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरचा सा) लावायला जातात. तार तुटते. मग पातळ तार आणतात, तीही तुटते.

याचं कारण पीयूच्या पुस्तकातल्या सूत्रातच आहे. तारेची कंप्रता ठरते तीन गोष्टींवर: लांबी, ताण आणि दर मीटरचं वस्तुमान. घोडीपासून (तबलीवरचा तारांचा आधार) अटीपर्यंत (दांडीच्या वरच्या टोकाचा आधार) ९५ सेंटिमीटर, जोडीची (सा च्या मधल्या दोन तारांपैकी) पोलादी तार ०.३५ मिलिमीटर जाड आणि सा काळी एकचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, असं धरलं तर तारेवर साधारण ५२ न्यूटन ताण येतो. म्हणजे पाच किलोहून थोडं जास्त वजन. ताण कंप्रतेच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे काळी पाचला, म्हणजे २३३ हर्ट्झला, तो २.८३ पट होतो. तार पातळ केली की लागणारा ताण कमी होतो हे खरं, पण तो पेलणारं तारेचं क्षेत्रफळही त्याच प्रमाणात घटतं. शेवटी स्ट्रेस उरतो तो फक्त धातूची घनता, लांबी आणि कंप्रता यांच्यावर. जाडी सूत्रातून निघूनच जाते. आकडे घालून बघा: काळी एकला सुमारे ५४० मेगापास्कल, काळी पाचला १५४० च्या आसपास. एवढ्या स्ट्रेसवर खुंटीच्या वळशात किंवा अटीच्या खाचेत जराशी चीर असली की तार तिथेच जाते. लांबी कमी करणं हा एकच उपाय, म्हणून बायकांचा तानपुरा आखूड असतो. हे गणित वहीत मांडून दाखवलं की विद्यार्थ्याला सूत्र परत पाठ करावं लागत नाही, आणि घरच्यांचे चुकीच्या मापाच्या वाद्याचे पैसेही वाचतात.

वाद्य निवडताना दांडी डोळ्यासमोर धरून तिच्या रेषेत बघा. बाक आलेली दांडी दुरुस्तीला महाग पडते. तबलीवर बोटाने हलकं ठोकत कडेकडेने फिरा. कुठे खरखर आली तर तिथला सांधा सुटलेला असतो. खुंटी फिरवून सोडली की ती आपणहून मागे येता कामा नये. मणी वरखाली सरकवून सूर किती बदलतो तेही पाहा. मणी घोडीच्या खाली, तारेच्या मागच्या भागात असतात, आणि अगदी बारीक फरकाचं काम त्यांच्यावरच होतं. तारा घोडीला टेकतात तिथे माथ्यावर खोल चरे पडलेले असतील, तर जवारी, म्हणजे त्या माथ्याची बारीक घासणी, पुन्हा काढावी लागणार. जुन्या वाद्यात हे साहजिक आहे. त्यासाठी सौदा मोडू नका, जवारीचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. विद्यार्थ्यासाठी जुना तानपुरा आणि त्यावर नवी जवारी हाच व्यवहार आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. लाकूड मुरलेलं असतं, दांडीला जो बाक यायचा तो येऊन गेलेला असतो आणि दोष लपत नाहीत. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी भोपळ्याऐवजी चपट्या पेटीचा लहान तानपुरा बघायला हरकत नाही. खर्ज (सर्वांत खालचा सा) त्यात बारीक येतो, पण पुढे दिलेले प्रयोग त्यावरही होतात.

जवारी: घोडीवरची प्रयोगशाळा

तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण माथा तारेच्या दिशेने अगदी किंचित उतरता आणि बाकदार घासलेला असतो. तार कंप पावताना या माथ्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. मध्ये सुती दोरा सरकवला की टेकण्याची जागा बदलते, आणि एका विशिष्ट जागी तार एकदम ‘बोलायला’ लागते. ती जागा हरभऱ्याच्या दाण्याएवढीही नसते, दोरा केसभर सरकला तरी जवारी बंद होते. आधी तार सुरात आणायची, मग दोरा लावायचा, आणि दोरा लावल्यावर सूर पुन्हा तपासायचा, कारण दोऱ्याने सूर थोडा हलतो. नवशिके दोरा आधी लावतात आणि अर्धा तास झगडत बसतात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचं लक्ष याच गोष्टीकडे गेलं. १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या हार्मोनिकचा (मूळ कंप्रतेच्या पटीतल्या सुराचा) निस्पंद (न हलणारा बिंदू) असेल, तो हार्मोनिक उमटत नाही. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा गायब व्हायला हवा. तानपुऱ्यावर आणि वीणेवर तसं होत नाही, याचं कारण घोडीच्या रचनेत आहे, असं रामन यांनी दाखवलं.

हा प्रयोग घरी होतो, आणि विज्ञान प्रदर्शनाला ज्वालामुखीच्या मॉडेलपेक्षा शंभरपटीने चांगला आहे. घोडीच्या पुढच्या कडेपासून अटीपर्यंत टेपने लांबी मोजा आणि बरोबर मध्यावर दांडीवर खडूची खूण करा. जोडीतली एकच तार छेडायची. बाकीच्या तीन तारांमध्ये मऊ कापड गुंतवून त्या पूर्ण बंद करा. ही पायरी गाळली तर प्रयोग फसतो, कारण जोडीची दुसरी तार पहिलीचे सगळे हार्मोनिक स्वतःच उचलून धरते आणि आलेखात कुणाचं काय ते कळत नाही. पंखा बंद, फोन चार्जरवरून काढलेला, तबलीपासून साधारण एक फुटावर. दोरा नीट लावून खुणेवर पाच वेळा छेडा, प्रत्येक वेळी आवाज पूर्ण विरू द्या. मग दोरा काढा, घोडीच्या पुढच्या कडेवर तारेखाली यू-क्लिपच्या तारेचा छोटा तुकडा आडवा सरकवा, म्हणजे तार माथ्यावर न टेकता एका धारेवर टेकेल. सूर पुन्हा मिळवा आणि तसंच पाच वेळा छेडा. नुसता दोरा काढून भागत नाही, बाकदार माथा तरीही तारेला लागतो आणि फरक अर्धवट दिसतो.

रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. छेडल्याचा ठोका सोडून पुढचे दोन सेकंद निवडा आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये साइज ६५५३६ ठेवा. काळी एकच्या तारेवर १३९, २७७, ४१६, ५५४ हर्ट्झच्या जवळ शिखरं शोधायची. क्लिपच्या धारेवर २७७ आणि ५५४ खाली बसलेले असतील, जवारीवर ते उभे असतील. साइज १०२४ ठेवून बघणाऱ्यांना काहीच दिसत नाही, कारण ४४१०० ला १०२४ ने भागलं की ४३ हर्ट्झ येतात, म्हणजे आलेखाची एक पायरीच ४३ हर्ट्झची. ६५५३६ ला ती ०.६७ हर्ट्झ होते. बारीक कंप्रता हवी तर जास्त वेळ ऐकावं लागतं. एफएफटीचं (हा आलेख काढणाऱ्या गणिताचं) हे तत्त्व सुराला सावकाश कान देणाऱ्या गवयाला नवीन नाही.

ठोके ऐकायला शिकवणारं वाद्य

तानपुरा लावता येणं म्हणजे ठोके ऐकता येणं. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की आवाज हेलकावे घेतो, हेलकावा मंदावत मंदावत थांबला की तारा मिळाल्या. आता पंचम. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्ज ६९.३ हर्ट्झ, पंचम त्याच्या दीडपट म्हणजे १०३.९४. पंचमाचा चौथा हार्मोनिक आणि जोडीचा तिसरा हार्मोनिक, दोन्ही ४१५.८ वर येतात. म्हणून खरा पंचम लागला की तिथे ठोका उरत नाही. ट्यूनर अ‍ॅपवर सुई मध्यावर आणून लावलेला पंचम मात्र १०३.८३ चा असतो, कारण ट्यूनर समान बारा भागांच्या सप्तकावर चालतो. त्यात पंचम ७०० सेंटचा (पूर्ण सप्तक १२०० सेंटचं), दीडपटीचा पंचम ७०२ सेंटचा. हिशेब केला तर चौथ्या हार्मोनिकवर ०.४७ हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन सेकंदांहून थोड्या जास्त वेळाने एक ठोका. दोन सेंटचा फरक कानाला कळत नाही असं म्हणणाऱ्याला हा ठोका ऐकवावा.

पेटीचा गंधार तर आणखी ठळक. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा हार्मोनिक, ३४६.५ हर्ट्झ. पेटीवर काळी एकचा गंधार ३४९.२. फरक १४ सेंटचा, आणि दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला पावणेतीन ठोके. आधी पेटीचा सा तानपुऱ्याच्या सा शी बिनठोक्याचा मिळवून घ्या, नाहीतर गंधाराचा ठोका मोजण्यात अर्थ नाही.

पीयूच्या प्रॅक्टिकलला सोनोमीटर असतो. तारेवर कागदाचा घोडा ठेवायचा, काटा वाजवायचा, कागद उडाला की अनुनाद. तेच इथे करा. कागदाचा बारीक उलटा ‘व्ही’ जोडीच्या एका तारेच्या मध्यावर ठेवून दुसरी छेडा. तारा मिळालेल्या असतील तर कागद नाचतो. मग पंचमाची तार छेडा. सा ची तार आता तीन भागांत कंप पावते. कागद मध्यावर थरथरतो, आणि एक तृतीयांशावर ठेवला तर गप्प बसतो. कॉलेजच्या लोखंडी पेटीवर जे गुण मिळवण्यासाठी उरकलं जातं, ते इथे कानाने आणि डोळ्याने एकदम कळतं.

एक इशारा उन्हाळ्यासाठी. तापमान दहा अंशांनी वाढलं की पोलादाची तार प्रसरण पावते आणि काळी एकच्या या तारेतला स्ट्रेस सुमारे २३ मेगापास्कलने उतरतो. ५४० पैकी २३ म्हणजे साधारण सव्वाचार टक्के, आणि सूर त्याच्या निम्म्याने, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त खाली. सेंटमध्ये पस्तिसाच्या आसपास. म्हणून खिडकीच्या उन्हात लावलेला तानपुरा सावलीत आणला की चढतो. तापमापक, ट्यूनर आणि एक तार एवढ्या सामानावर यंग गुणांकाचा छान प्रकल्प होतो, फक्त लाकूड ओलाव्याने वेगळंच वागतं याची नोंद ठेवावी लागते.

इलेक्ट्रॉनिक मशीन

पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्याच राज्यात झाला. बंगळूरचे जी. राज नारायण, बासरीवादक आणि अभियंते, यांनी तो १९७९ मध्ये बनवला; रडेल ही कंपनी त्यांचीच. गेली चार दशकं गावोगावी क्लास चालले त्यात या मशीनचा वाटा मोठा आहे, आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पहाटे पाचला उठून वीस मिनिटं तानपुरा लावत बसणं नववीतल्या मुलाला जमत नाही. मशीन चालू केलं की सा कालचाच असतो.

घेताना बॅटरीवर चालणारं घ्या. पावसाळ्यात खानापूर भागात हेस्कॉमची लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो. स्पीकरचं तोंड मोठं असलेलं घ्या, खर्ज त्याशिवाय भरत नाही. आणि दुकानातच पंचमाची परीक्षा करा: पट्टी काळी पाच ठेवा, प-सा लावा, आवाज वाढवा, आणि पंचमानंतर सा आल्यावर वरच्या बाजूला कान द्या. सव्वा सेकंदाच्या आसपास एक मंद हेलकावा येत असेल, तर पंचम समान भागांचा आहे. अशा मशीनमध्ये पंचमासाठी वेगळं बारीक बटण असेल तर चालेल, नसेल तर दुसरं बघा. मध्यम लावून, निषाद लावूनही ऐका. मारवा, पुरिया गाणाऱ्याला निषादाची सोय हवीच.

विज्ञानाच्या बाजूने मशीन थिटं पडतं. त्यातला आवाज आधीच साठवलेला असतो आणि प्रत्येक आवर्तनात तोच परत येतो. ऑडॅसिटीत चार आवर्तनं एकाखाली एक लावून बघा, शिखरं जिथल्या तिथे येतात. छेडण्याची जागा बदलता येत नाही, दोरा सरकवता येत नाही, तार सैल होत नाही. बदलायलाच काही नाही तर प्रयोग कशावर करणार? तरीही मोजमापाचा आधार म्हणून ते उपयोगी आहे: गळ्याचं रेकॉर्डिंग करताना सा अढळ राहतो.

फोन आणि मोफत सॉफ्टवेअर

तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर रियाझ करायचाच असेल तर फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर नको. तो स्पीकर इतका लहान असतो की ६९ हर्ट्झचा खर्ज त्यातून जवळजवळ बाहेरच येत नाही. तरी आपल्याला खर्ज ‘ऐकू येतो’, कारण वरचे हार्मोनिक ६९.३ च्या अंतराने येत राहतात आणि मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. हे पडताळायला सोपं आहे: खर्जाचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत हाय-पास फिल्टरने २०० हर्ट्झच्या खाली कापा आणि ऐका. स्वर तोच राहतो, भारदस्तपणा जातो. गळा त्या भारदस्तपणावर टेकत असतो, म्हणून साध्या बाहेरच्या स्पीकरचाही फरक पडतो.

मोजायला मात्र फोन उत्तम. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत अ‍ॅप पीयूच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे असावं. त्यातलं ऑटोकोरिलेशन एका वेळी एकाच तारेची कंप्रता नेमकी देतं. दोन तारा एकदम वाजल्या की आकडा भलताच येतो, तो अ‍ॅपचा दोष नाही. स्पेक्ट्रम हार्मोनिक दाखवतो, आणि टोन जनरेटर हवी ती कंप्रता वाजवतो, म्हणजे ७०० आणि ७०२ सेंटचे पंचम शेजारी ठेवून ऐकता येतात. ट्यूनरमध्ये बहुतेकदा खर्ज एक सप्तक वर दाखवला जातो, कारण फोनचा माइक मूळ कंप्रता क्षीण पकडतो. आकडा दुप्पट दिसला तर घाबरून तार सैल करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर कोणतंही मोजमाप करू नये. तो आवाज दाबलेला, वरचा भाग कापलेला असतो. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही निवडा, ‘नॉइज रिडक्शन’ आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद ठेवा. स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० हर्ट्झला बारीक शिखरं दिसली तर ती विजेची गुणगुण आहे, तारेची नाही.

गळ्यासाठी प्रात हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फायफॉक्सपेक्षा सरस. मींड, गमक, आंदोलन यांची रेघ ते काढून देतं. पण त्यातली पिचची मर्यादा आपल्या पट्टीप्रमाणे बदलावी लागते. जुन्या आवृत्त्यांत खालची मर्यादा मुळात ७५ हर्ट्झ असायची. काळी एकच्या मुलाने खर्ज लावला तर तो ६९ वर असल्याने रेघच तुटते, तिथे ६० ठेवा. काळी पाचच्या मुलीचा तार मध्यम ६२० च्या पुढे जातो, वरची मर्यादा ८०० करा. आणि रेकॉर्ड करताना तानपुरा इअरफोनमध्ये ऐका, खोलीत वाजवलात तर रेघ मध्येच गळ्यावरून तानपुऱ्यावर उडी मारते.

या साधनांवर सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसणारा प्रकल्प म्हणजे ‘बावीस श्रुती (सप्तकातले बारीक स्वरभेद) मोजल्या’. या विषयाला आपल्या भागात जुनी परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि पुढे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ या कामात त्यांच्या सोबत होते. पण विद्यार्थ्याने एकदा गाऊन आलेला एकच आकडा श्रुतीच्या तक्त्यात बसवणं म्हणजे मोजमाप नव्हे. स्थिर लावलेला स्वरही दहा-वीस सेंट सहज हलतो, आणि काही शेजारच्या श्रुतींमधलं अंतरच २२ सेंट आहे. त्याऐवजी एकच प्रश्न घ्या: यमनचा गंधार ३८६ सेंटला लागतो, ४०० ला, की ४०८ ला? पहिला स्वयंभू गंधार, दुसरा पेटीचा, तिसरा सा-प भावाने चार पायऱ्या चढून आलेला, म्हणजे ८१ छेद ६४. त्याच गंधारावर ठरवून न्यास करत (म्हणजे त्यावर येऊन थांबत) वीस वेळा गा, प्रत्येक न्यासाचा मधला स्थिर भाग घ्या, मध्यक काढा आणि पसाराही लिहा. तानपुऱ्याबरोबर एकदा, पेटीबरोबर एकदा. उत्तर काहीही येवो, परीक्षकासमोर उभं राहता येतं.

तालाचं गणित आणि तबला

मशीनमधला ठेका किंवा लेहऱ्याचं अ‍ॅप तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) तपासायला चांगलं. पल्ल्याच्या (त्या तुकड्याच्या) मात्रा तीनदा, दमाच्या (मधल्या विरामाच्या) मात्रा दोनदा, बेरीज आवर्तनापेक्षा एक जास्त: समेपासून समेवर येण्याचं हे समीकरण. तीनतालात बेरीज १७ हवी. पल्ला ५ आणि दम १, पल्ला ३ आणि दम ४, पल्ला १ आणि दम ७. पूर्ण मात्रांत एवढेच. पल्ला विषमच का, हे समीकरणच सांगतं. रूपकात बेरीज ८, म्हणून तिथे पल्ला सम. बेदम तिहाई तीनतालाच्या एका आवर्तनात पूर्ण मात्रांत बसत नाही, दोन आवर्तनांत ११ च्या पल्ल्याने बसते. एक आणि दोन मात्रांच्या तुकड्यांनी सोळा मात्रा भरण्याच्या रीती १५९७ होतात. ही मोजण्याची पद्धत हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांसाठी मांडली होती. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात सात स्वरांचे ५०४० क्रम सांगितले, आणि दिलेला क्रम कितवा हे न लिहिता काढण्याची रीतही. क्रमचय-संचयाचा धडा इथून सुरू करावा.

तबला शिकणाऱ्याने तानपुऱ्यावर खर्च करण्याची गरज नाही. त्याच्याकडचा तबला आणि शेजारचा एखादा डफ पुरे. साध्या ताणलेल्या चामड्याच्या कंप्रता १, १.५९, २.१४, २.३० अशा वाकड्या गुणोत्तरात येतात, म्हणून डफाला ठाम सूर नसतो. शाईचं वजन मध्ये आल्यावर त्या १, २, ३, ४, ५ च्या जवळ जातात. हे काम रामन यांनीच शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये प्रसिद्ध केलं. रेकॉर्ड करताना डग्गा दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर तोही घुमतो.

आणणं आणि सांभाळणं

मिरजेहून आणताना तारा चार-पाच स्वरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. पुष्कळ तानपुऱ्यांत घोडी तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. उतरवण्याआधी घोडीच्या चारी कोपऱ्यांना तबलीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा करा. तारा आणि घोडी यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी, भोपळ्याभोवती रजई, आणि गाडीत वाद्य आपल्या मांडीजवळ. वरच्या फळीवर ठेवलेला भोपळा गाडीच्या धक्क्याने तडकतो.

बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर पोलादी तारा गंजतात आणि गंजलेली तार कधीच शुद्ध मिळत नाही, तिचे हार्मोनिक सरळ पटीत राहत नाहीत. रियाझ झाला की कोरड्या कापडाने तारा पुसा, खोळीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. फुगून अडकलेली खुंटी पकडीने पिळू नका. कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवली की सुटते. मार्च-एप्रिलमध्ये याच खुंट्या सुकून घसरतात, तेव्हा खुंटीला खडूची पूड लावून आत दाबत फिरवा. सतारमेकराकडून निघताना आपल्या पट्टीच्या तारांचे दोन जादा संच आणि जवारीच्या दोऱ्याची एक गुंडी घ्या, आणि बिलावर वाद्य, खोळ, तारा, जवारी यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घ्या. सहा महिन्यांनी जवारीसाठी परत जायची वेळ आली की कशाचे पैसे आधीच दिले आहेत, हे त्या बिलावरून दाखवता येतं.